मांजरे, कुत्री आणि देवळाली

काही गोष्टी माणसाच्या पाचवीला पुजलेल्या असतात असे म्हणतात. माझ्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचे. सटवाईने माझ्या कपाळी काय लिहिले ते मला ठाऊक नाही. पण जे काही लिहिले ते इंग्रजीत असावे आणि त्यात स्पेलिंगच्या चुका असाव्यात, असा माझा जुना संशय आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झाले. म्हणजे हल्ली सटवाई जरा लवकर येते, एवढाच फरक.

आम्ही नाशिकरोडला राहायचो. आमचे इंग्रजीचे सर धोतर, वर काळा कोट आणि कोटाच्या खिशात खडू अशा थाटात वर्गात येत. त्यांचे एक ठाम मत होते. ते म्हणत, "व्याकरणाने माणूस पास होतो. पण साहेबाच्या खुर्चीत बसायचं असेल तर वाक्प्रचार पाहिजेत!" त्यासाठी ते रोज एक इंग्रजी वाक्प्रचार फळ्यावर लिहीत आणि आम्ही तो वहीत उतरवून घेत असू. वहीला तीन रकाने. पहिल्यात वाक्प्रचार, दुसऱ्यात मराठी अर्थ आणि तिसऱ्यात 'स्वतःच्या वाक्यात उपयोग'. पहिले दोन रकाने सरांचे, तिसरा आमचा. जगातल्या बहुतेक अडचणी तिसऱ्या रकान्यात असतात हे मला पुढे कळले.

आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाने या तिसऱ्या रकान्यावर रामबाण तोडगा काढला होता. तो प्रत्येक वाक्प्रचारापुढे एकच वाक्य लिही : 'टुडे अवर टीचर टॉट अस द इडियम' आणि पुढे तो वाक्प्रचार. वाक्य स्वतःचे, व्याकरण निर्दोष आणि घटना शंभर टक्के सत्य. सरांनी त्याला छडी दिली. पण छडी देताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा आदर होता, असे मला अजून वाटते. तो मुलगा पुढे वकील झाला.

मी मात्र इमानाने वाक्ये बनवी आणि घरी येऊन मोठ्याने पाठ करी. एका पावसाळी संध्याकाळी मी माजघरात बसून 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' असा घोष लावला होता. आजी वाती वळत होती. तिने विचारले, "काय म्हणतोयस रे?"

"मांजरं आणि कुत्री पडतायत, आजी."

ती लगबगीने उठून दारात गेली. "कुठं? कुणी टाकली?"

"तसं नाही गं. इंग्रजीत खूप पाऊस पडला की असं म्हणतात."

आजी परत येऊन बसली. चार वाती वळून झाल्यावर म्हणाली, "एकत्र पडतीलच कशी? वाटेतच भांडतील. आमच्यात पाऊस पडतो तेव्हा पाऊसच पडतो."

ही आजी चौथीसुद्धा शिकलेली नव्हती. पण तिच्या बोलण्यात वाक्प्रचार नाही असे वाक्य शोधून सापडले नसते. शेजारीण फार बोलायला लागली की 'जिभेला हाड नाही', वडिलांनी उधारीवर रेडिओ आणला तेव्हा 'हातच्या कांकणाला आरसा कशाला, तुझा पगार मला ठाऊक आहे', आणि माझा गणिताचा पेपर पाहून 'नन्नाचा पाढा'. तिला दुसरा रकाना ठाऊक नव्हता, तिसरा तर मुळीच नव्हता. ती फक्त बोलत असे. वाक्प्रचार पाठ करायचे नसतात, ते अंगावर वाढतात, हे मला त्या वयात कळले असते तर पुढचा प्रसंग टळला असता.

तो प्रसंग १९७४ सालचा. मी नुकताच मुंबईत फोर्टातल्या एका कंपनीत कारकून म्हणून चिकटलो होतो. साहेब आपल्यातलेच, पण शिक्षण इंग्रजी शाळेतले. मराठी बोलताना ते जीभ सोवळ्यात ठेवल्यासारखे बोलत. एके दिवशी सकाळी तार आली. (ही तारसुद्धा २०१३ साली वारली. तिच्यासाठी कुणी रजा काढली नाही.) आजी गेली होती. पहाटे, झोपेत.

मी तार हातात धरून टेबलाशी बसलो आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला. अर्ज इंग्रजीतच लिहायचा असे. मला वाटले, आजी साधीसुधी बाई नव्हती, तिच्या मरणाची बातमी साध्यासुध्या शब्दांत कशी द्यायची? डोळ्यांत पाणी होते आणि डोक्यात शाळेची वही. वहीत 'मरणे' या अर्थाचा एक भारदस्त वाक्प्रचार होता. मी लिहिले, 'आय बेग टु इन्फॉर्म यू दॅट माय बिलव्हेड ग्रँडमदर हॅज किक्ड द बकेट.'

साहेबांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग ते इतक्या जोराने हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. त्यांनी तो अर्ज शेजारच्या केबिनमध्ये नेऊन मोठ्याने वाचून दाखवला. तिथूनही हसू आले. मी तार हातात घेऊन उभा. काय चुकले तेही कळेना. शेवटी आमचे म्हातारे हेडक्लार्क मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "अरे, तू 'आजी खपली' असं लिहिलंयस. 'एक्सपायर्ड' लिही आणि गाडी पकड."

आजी खपली! माझी आजी!

गाडीत खिडकीशी बसून मी कसाऱ्यापर्यंत तोच विचार करत होतो. लाज जास्त होती की दुःख, हे मला आजही सांगता येणार नाही. आणि मग कसारा घाटात एकदम वाटले, हे आजीला सांगितले असते तर ती काय म्हणाली असती? म्हणाली असती, "बादलीला लाथ मारायला माझे गुडघे कुठे वर येतायत रे?" मला डब्यात एकट्याला हसू फुटले आणि त्याच्या पाठोपाठ रडू. समोरचे गृहस्थ सामान उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

त्या दिवसापासून मी इंग्रजी वाक्प्रचारांवर दात धरला. नुसता अर्थ कळून भागत नाही, त्यांचे कूळ, गोत्र, घराणे पाहिल्याशिवाय त्यांना घरात घ्यायचे नाही, असे ठरवले. लग्न जमवताना आपण जेवढी चौकशी करतो तेवढी शब्द जमवताना का करू नये?

पहिली चौकशी अर्थातच बादलीची. हा वाक्प्रचार फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थांनी १७८५ साली कोशात नोंदवला, आणि त्या कोशाचे नावच मुळी 'ग्राम्य भाषेचा कोश' अशा अर्थाचे आहे! चोर, खलाशी, दारूडे यांच्या तोंडचे शब्द जमवलेला हा ग्रंथ. म्हणजे आजीच्या निधनाची वार्ता मी लंडनच्या गुत्त्यातल्या भाषेत कळवली होती. बादली कुठून आली याबद्दल विद्वानांत एकमत नाही. काही म्हणतात, इंग्लंडच्या काही भागांत ज्या आडव्या लाकडाला डुक्कर उलटे टांगत त्याला 'बकेट' म्हणत, आणि मरताना ते पाय झाडी. हे वाचल्यावर साहेबांच्या हसण्याचा माझा राग थोडा कमी झाला. थोडाच.

यातून पहिला धडा मी शिकलो. वाक्प्रचाराला अर्थाबरोबर मानपानही असतो. मराठीत माणूस कैलासवासी होतो, निवर्ततो, देवाघरी जातो, वारतो, मरतो, खपतो, गचकतो. दुसऱ्या रकान्यात या सगळ्यांचा अर्थ एकच. पण मुख्यमंत्री गचकल्याची बातमी आकाशवाणीने कधी दिलेली नाही. इंग्रजी 'किक्ड द बकेट' वापरायचेच असेल तर ते जुन्या स्कूटरबद्दल वापरावे. स्कूटरच्या नातेवाइकांना राग येत नाही.

मग मी मांजरा-कुत्र्यांकडे वळलो. लहानपणी माझी समजूत अशी होती की हा वाक्प्रचार रेन अँड मार्टिनच्या व्याकरणातल्या रेन साहेबांनी स्वतःच्या नावावरून तयार केला. ती चुकीची निघाली. (हे रेन साहेब मात्र मोठे गमतीदार. हिंदुस्थानातल्या शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या या माणसाने १९२४ साली 'बो जेस्ट' नावाची फ्रेंच पलटणीतल्या शिपायांची धाडसी कादंबरी लिहिली. ती इंग्लंड-अमेरिकेत गाजली, तिच्यावर सिनेमे निघाले. आणि आपण त्यांना ओळखतो ते कर्तरी-कर्मणी प्रयोगांबद्दल!) मांजरे-कुत्री आजच्या स्वरूपात छापून आली ती जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या पुस्तकात. स्विफ्ट म्हणजे 'गलिव्हरचा प्रवास' लिहिणारा. त्याचे हे दुसरे पुस्तक 'सभ्य संभाषणा'चे आहे. पण खरी गंमत पुढेच आहे. उच्चभ्रू मंडळी तीच ती झिजलेली वाक्ये कशी फेकत बसतात, याची टिंगल करण्यासाठी स्विफ्टने ते लिहिले. म्हणजे ज्या वाक्याची इंग्लंडात पावणेतीनशे वर्षांपूर्वी टवाळी झाली, ते आमचे सर सभ्यतेची खूण म्हणून आम्हाला छडी मारून शिकवत होते.

मांजरे-कुत्रीच का, हे मात्र कोणालाही छातीठोकपणे सांगता आलेले नाही. गवताच्या छपरावर झोपलेली जनावरे पावसात घसरून खाली पडत, ही गोष्ट पुष्कळ लोक सांगतात, पण तिला आधार नाही. आजीचा प्रश्न 'कुणी टाकली?' अजून अनुत्तरित आहे.

पण सगळेच वाक्प्रचार असे अनाथ नसतात. काहींच्या जन्माचे दाखले मिळतात. 'हॉब्सन्स चॉईस' घ्या. केंब्रिजला टॉमस हॉब्सन नावाचा एक घोडेवाला होता. १६३१ साली तो वारला. विद्यार्थ्यांना तो भाड्याने घोडे देई. विद्यार्थी चांगला घोडा निवडून त्याला दामटून दमवीत, म्हणून हॉब्सनने नियम केला : दाराजवळ जो घोडा उभा असेल तोच घ्यायचा, नाहीतर चालत जा. म्हणजे निवड आहे, पण निवडायला काही नाही. आमच्या नाशिकरोडच्या टांगा-स्टँडवर हाच नियम होता. नंबरात पुढे असलेला टांगाच घ्यायचा, मग घोडा टांगा ओढतोय की टांगा घोड्याला ढकलतोय हे पाहायचे नाही. फक्त आमच्या टांगेवाल्यांवर मिल्टनने कविता लिहिल्या नाहीत, हॉब्सनवर लिहिल्या. वाक्यात उपयोग : 'बायकोने विचारले, भाजी दुधीची करू की दुधीची? मी म्हटले, हॉब्सन्स चॉईस.'

'टर्न अ ब्लाइंड आय' ची कथा आणखी झकास. नेल्सन नावाच्या इंग्रज दर्यावर्द्याचा उजवा डोळा १७९४ साली कॉर्सिका बेटावरच्या लढाईत निकामी झाला. पुढे २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत त्याच्या वरिष्ठाने निशाणे लावून 'लढाई थांबवा' असा इशारा केला. नेल्सनने दुर्बीण उचलून निकामी डोळ्याला लावली आणि 'मला काही निशाण दिसत नाही बुवा' अशा अर्थाचे बोलून लढाई चालू ठेवली, असे सांगतात. लढाई जिंकली म्हणून ही कथा झाली. हरला असता तर नुसती चौकशी झाली असती. आता मराठीत पाहा. आपण म्हणतो 'कानाडोळा करणे'. हा काणा डोळा करायला आपल्याला ना आरमार लागले, ना दुर्बीण. साध्या नळाच्या रांगेत बायका ते रोज करत आल्या आहेत.

आणि 'रीड द रायट अ‍ॅक्ट' म्हणजे खरमरीत दम भरणे. हा कायदा खराच होता. १७१५ साली मंजूर झाला, त्याच वर्षी ऑगस्टात लागू झाला. बारा किंवा अधिक माणसे दंग्यासाठी जमली तर मॅजिस्ट्रेटने समोर उभे राहून कायद्यातली घोषणा मोठ्याने वाचायची. त्यानंतर तासाभरात पांगला नाहीत तर फाशीपर्यंत शिक्षा. घोषणेच्या शेवटी 'देव राजाचे रक्षण करो' म्हणायचे असे, आणि ते म्हणायचे राहिले म्हणून आरोपी सुटल्याचेही दाखले आहेत. दगड-विटांचा वर्षाव होत असताना कागद धरून वाचन करणाऱ्या त्या मॅजिस्ट्रेटबद्दल मला फार सहानुभूती वाटते. मीही काही काळ घरी गॅदरिंगच्या वयाची तीन मुले सांभाळली आहेत.

इथवर वाचून वाचकांना वाटेल की वाक्प्रचार ही साहेबाची मक्तेदारी आणि आपण नुसते गिऱ्हाईक. पूर्वी मलाही तसेच वाटे. आपण गिऱ्हाईक होतो यात शंका नाही. मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ साली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्या दोन भाषांच्या मधल्या साकवावरून चालवत नेल्या. मराठीत विरामचिन्हे रुजवण्यात मेजर कँडींचा मोठा हात. या लेखात मी जे पूर्णविराम देतो आहे तेसुद्धा विलायतेहून आलेले आहेत. आपण आज बिनदिक्कत 'विषयावर प्रकाश टाकतो', सरकारी कामातल्या 'लाल फिती'ला नावे ठेवतो, बंद पडलेल्या कारखान्याला 'पांढरा हत्ती' म्हणतो आणि भावकीत 'सिंहाचा वाटा' मागतो. सिंहाच्या वाट्याची तर कमालच आहे. इसापच्या मूळ गोष्टीत सिंह मोठा वाटा घेत नाही, सगळीच शिकार घेतो! पण सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८२८ साली इसापनीती मराठीत आणली आणि तेव्हापासून हा सिंह, तो कोल्हा आणि त्याची ती आंबट द्राक्षे आपल्या इतकी अंगवळणी पडली की आमच्या नाशिककडच्या मंडळींना तो कोल्हा पिंपळगाव-बसवंतचा वाटतो.

पण साहेबही रिकाम्या हाताने परत गेला नाही. आपल्या छापावरून त्याने उत्तम मालाला 'फर्स्ट चॉप' म्हटले, 'देखो' वरून 'डेक्को', 'विलायती' वरून आपल्याच मायदेशाला 'ब्लायटी'. यूल आणि बर्नेल या दोघा विद्वानांनी अशा शब्दांचा एक जाडजूड कोश १८८६ साली काढला. त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. त्या घोडेवाल्या हॉब्सनशी याचा संबंध नाही. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानाला 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकू आला! हे वाचले आणि माझ्या मनावरचा मोठा दगड उतरला. एकाच्या भाषेतले दुसऱ्याच्या कानात शिरताना वाकडे होणारच. फरक इतकाच की आमचे वाकडे झाले की हशा होतो, त्यांचे वाकडे झाले की कोश होतो.

आणि मग एक दिवस वाचनालयात चाळता चाळता मला तो शब्द दिसला : 'डुलाली'. 'टु गो डुलाली' म्हणजे डोके फिरणे, भ्रमिष्टासारखे वागणे. पूर्वीचे रूप 'डुलाली टॅप'. 'टॅप' म्हणजे आपला ताप. आणि डुलाली म्हणजे? मी खुर्चीवरून उठलोच. डुलाली म्हणजे देवळाली! आमच्या नाशिकरोडच्या पलीकडची देवळाली! लहानपणी जिथे आम्ही सायकलवर डबल सीट जायचो, जिथे आमचे अण्णाकाका लष्करी कचेरीत कारकुनी करायचे, ती देवळाली इंग्रजांच्या घरोघरी, चहाच्या टेबलावर, आपण कुठल्या तरी भारतीय गावाचे नाव घेतो आहोत याची दादही नसलेल्या तोंडांत जाऊन बसली होती. आणि सरांनी पाच वर्षांत एकदाही ती फळ्यावर लिहिली नव्हती! तीन-चार मैलांवरचा वाक्प्रचार सोडून आम्ही लंडनहून मांजरे मागवत होतो.

त्यामागची हकिकत अशी. देवळालीला ब्रिटिश फौजेची मोठी छावणी होती. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्याआधी तिथे आणून ठेवत. तिथून आगगाडीने मुंबई आणि मुंबईहून बोट. पण फौजेच्या बोटी थंडीच्या दिवसांतच सुटत. हंगामातली शेवटची बोट चुकली की पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायाने १९३६ साली आपल्या आठवणी छापल्या, त्यात याचे वर्णन आहे. नोकरी संपलेली, कवायत नाही, काम नाही, हातात साठलेला पगार, वर उन्हाळा, आणि घरी जाण्याची तारीख ठरत नाही. चांगले रेकॉर्ड असलेली माणसेही तिथे बिघडत. कोणी दारूला लागे, कोणी तुरुंगात जाई, कोणी नुसताच एकटा बडबडू लागे. बाकीचे म्हणत, याला देवळालीचा ताप चढला. पुढे १९७४ पासून १९८१ पर्यंत लंडनच्या बीबीसीने देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिकासुद्धा चालवली.

यातली खोच नाशिककरालाच कळेल. देवळालीची हवा इतकी उत्तम की मुंबईचे लोक तिथे हवापालटाला येतात. पारशी-गुजराती मंडळींनी तिथे सॅनेटोरियमे बांधली. छातीचे दुखणे घेऊन यायचे आणि चार किलो वजन घेऊन जायचे, असा त्या गावाचा लौकिक. अशा गावात साहेबाचे डोके फिरले! म्हणजे दोष हवेचा नव्हता. दोष वाट पाहण्याचा होता.

हे वाचले तेव्हा मला अण्णाकाका आठवले. ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी नोकरीला लागले. तेव्हा देवळालीत घरी जायची वाट पाहणारे गोरे सोल्जर रग्गड होते. काका सांगत, एक पोरसवदा टॉमी रोज संध्याकाळी त्यांच्या खिडकीशी यायचा आणि एवढेच विचारायचा : "एनी शिप, बाबू?" काकांना बोटींचे ओ की ठो कळत नसे, ते कोळसा-लाकडाचा हिशेब लिहीत. पण 'नो' म्हणायला त्यांची जीभ रेटेना. ते रोज म्हणत, "टुमारो, साहेब." तो 'थँक यू' म्हणून जाई. एक दिवस तो आला नाही. बोट मिळाली की आणखी काही झाले, काकांना कधीच कळले नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्प्रचार होता. कोणी निकालाची, नोकरीची, मुलीच्या होकाराची वाट पाहत येरझाऱ्या घालू लागले की काका म्हणत, "अजून बोट लागली नाही वाटतं!" आजीसुद्धा तो वापरी. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो तेव्हा ती खिडकीकडे पाहत म्हणाली होती, "माझी बोट काही लागत नाही रे अजून." मी म्हटले होते, "लागू दे की सावकाश. घाई काय आहे?" तिच्या मरणाला शोभेल असा वाक्प्रचार घरातच होता. तिने स्वतः तो मला वापरून दाखवला होता, तिसऱ्या रकान्यासकट. आणि मी वहीतली बादली काढली.

या हकिकतीला एक शेपूट आहे. पुष्कळ वर्षांनी नाशिकला एका लग्नात ते जुने साहेब भेटले. निवृत्त झाले होते, वाकले होते, मराठी बरेच सुधारले होते. जिलबीचे ताट हातात घेऊन म्हणाले, "रिटायरमेंटनंतर काही उद्योग नाही हो. आय अ‍ॅम गोइंग डुलाली!"

मी विचारले, "साहेब, डुलाली म्हणजे काय?"

"डोकं फिरणं. इंग्लिश इडियम आहे."

"ते कळलं. पण डुलाली कुठे आहे?"

ते विचारात पडले. "आयर्लंडमध्ये असेल कुठेतरी."

मी त्यांना मांडवाच्या दारातून हात करून दिशा दाखवली. "इथून तासाभराच्या आत. रिक्षावाल्याला देवळाली कॅम्प म्हणून सांगायचं." आणि सगळी कथा सांगितली. ते जिलबी खायची विसरले. म्हणाले, "कमाल आहे! तुम्ही एवढा इंग्रजीचा अभ्यास केव्हा केलात?"

"माझी आजी वारली त्या दिवसापासून," मी म्हणालो आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले.

चेहरा स्वच्छ होता. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हते. "अच्छा, आजींनी गोडी लावली वाटतं," ते म्हणाले.

इतकी वर्षे जो अर्ज मी खिशात घेऊन फिरत होतो, त्याची एक प्रतही त्यांच्याकडे नव्हती. जिभेवर पुष्कळ काही आले होते. रायट अ‍ॅक्ट वाचायला मॅजिस्ट्रेट तयार होता. पण समोर एक म्हातारा माणूस जिलबीचे ताट धरून उभा होता आणि त्याचीही बोट लागायची होती.

"हो," मी म्हटले, "आजीनंच लावली."

आणि दोन्ही डोळे शाबूत असताना मी कानाडोळा केला.